स्पीकरजवळची खुर्ची

तात्यापारा मोहल्ल्यातल्या माझ्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं मित्र पेन ड्राइव्हवरच्या त्याच त्या जुन्या रेडिओ-श्रुतिका ऐकतो. समोरच्या घरातले भाऊ सगळ्यांत आधी येऊन स्पीकरला खेटून बसतात. प्रत्येक विनोदाला आमच्या आधी हसतात. कुणाचे ओठ जरा हलले, की दटावतात, "चूप बसा न, ऐकून राहिलो न मी!"

काल सासू-सुनेचं भांडण रंगात आलं आणि स्पीकर बंद पडला. भाऊ मात्र मान डोलवतच होते. सासू घसरून पडते त्या जागी ते खो-खो हसले.

आम्ही तिघं थिजलो. यांचे कान गेले तरी केव्हा?

"भाऊ," मी कसंबसं म्हटलं, "बंद पडला न हा!"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"चूप बसा न, ऐकून राहिलो न मी!"