मोगऱ्याचं पांघरूण

सकाळी बाल्कनी झाडताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंगलताईंनी कुंड्यांत पसरलेली वाळकी पानंही उचलून टाकली. “काय हा कचरा साठवलाय!” म्हणाल्या. मला रागाऐवजी हसूच आलं. ही कुरकुर मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आईला अंगण लख्ख लागायचं. रोज सकाळी ती खराट्याने पान न् पान गोळा करायची आणि तिची पाठ वळली की अण्णा तोच ढीग मोगऱ्याभोवती पसरायचे. खोडाला मात्र पान चिकटू द्यायचे नाहीत. तिथे चार बोटं जागा मोकळी सोडायचे.

“उन्हाळ्यात मातीला पांघरूण हवं,” अण्णा म्हणायचे.

“कचऱ्याला पांघरूण म्हणणारा माणूस माझ्याच नशिबी!” आई म्हणायची.

त्या पाचोळ्याखाली हात घातला की भर दुपारीही माती गार लागायची. आता वाटतं, दिवसभर आपापल्या कामात असणाऱ्या त्या दोघांना एकमेकांशी बोलायला तेवढंच निमित्त होतं.

अण्णा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले. अंगणात खराट्याच्या ताज्या रेघा होत्या. मोगऱ्याभोवती मात्र पाचोळा नीट पसरलेला होता, खोडापाशी चार बोटं जागा सोडून. मी आईकडे पाहिलं.

“बघतेस काय?” ती जरा रागानेच म्हणाली. “पांघरुणाची सवय लावून गेलेत झाडाला. आता ऐन उन्हात काढून घेऊ?”