श्रीवर्धनच्या अंगणातला बास

"तोंड लावलेलं देवापुढे ठेवू नये," आई म्हणाली होती. लहानपणी जत्रेतली पिपाणी मी देवघरात नेऊन ठेवली होती, तेव्हा. यंदा वैशाखात पुतणीच्या लग्नासाठी श्रीवर्धनला निघाले, तेव्हा ते वाक्य आपण विसरलो आहोत असंच मला वाटत होतं.

आगबोटीने जाणार असाल तर पावसाआधी जा, आणि डेकवर सावलीची बाजू धरा. आमच्याच या लग्नाला ठरवलेला मुंबईचा बँड माझ्या शेजारी बसला होता. सगळ्यात मोठं पितळी वाद्य, बास, बँडच्या पास्कल मास्तरांच्या मांडीवर होतं.

"एवढा हंडा, आणि आवाज रेड्याचा!" मी म्हटलं.

ते हसले. "बाई, कॉर्नेट गाणं म्हणतो, मधले हॉर्न त्याला धरून चालतात. हा म्हणजे घराचं जोतं. जोत्याकडे कोण बघतो? पन काढून बघा!"

मग कॉर्नेटने चाल धरली, एकेक वाद्य तिच्याखाली येऊन मिळालं. बास आला तेव्हा माझ्या पाठीमागची फळी थरथरली. मला उगीचच रडू आलं. वाजवून झाल्यावर मास्तरांनी वाद्य कठड्याबाहेर उलटं केलं, पाणी गळलं.

"थुकी न्हय हां बाई. श्वास गार झाला की पानी होतं. झाकणीला वाफ धरते, तसं."

श्रीवर्धनला आगबोट खोल पाण्यातच थांबते. किनाऱ्यावर नेणाऱ्या पडावातून उतरताना लुगडं भिजतंच, पण पुढची सुपारीच्या वाड्यांतली वाट इतकी गार की तक्रार राहत नाही. नारळाच्या रसातल्या शिरवळ्या मिळाल्या तर सोडू नका.

लग्नाच्या दिवशी बँड अंगणात उभा राहिला. पहिलं गाणं संपलं आणि मास्तरांनी सवयीने बास उलटा केला. पाणी तुळशीजवळ पडलं.

"थुंकला मेला तुळशीपाशी!" थोरल्या जाऊबाई ओरडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सुमती, तुझे हात मोकळे आहेत, आधी शेणपाणी घाल. आणि तू रे, वईबाहेर हो त्या भोंग्यासकट!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाणी कसलं, हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. मी बादली उचलली. आईचं विसरलेलं वाक्य हातांना पाठ होतं. त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर मी सडा घातला. नीट, कोपरे न सोडता.

मग कॉर्नेट वाजला, हॉर्न वाजले. बास वईच्या कुंपणापलीकडून येत होता, दुसऱ्याच कुणाच्या लग्नातल्यासारखा.

"आता कसं गोड वाजतंय!" जाऊबाई म्हणाल्या. मी अक्षता वाटत होते. मान वर करवेना.

परतीच्या बोटीवर मास्तर दुसऱ्या टोकाला बसले. मीही उठून त्यांच्याकडे गेले नाही.

गिरगावात येऊन आठवडा झाला. श्रीवर्धन सुंदर आहे, जरूर जा. माझ्यापुरता मात्र त्या अंगणातला ओला चौकोनच उरला आहे.

काल बँडच्या खोलीवर गेले. मास्तर चिंचेने पितळ घाशीत होते. बसा म्हणाले नाहीत. ते नकार देणार हे मला जिन्यातच कळलं होतं, तरी विचारलं, "मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न आहे. जाऊबाईही येतील. तुम्ही मांडवात, आमच्या मधोमध उभे राहून वाजवाल का?"