गाडीला देवी आल्या

माहेरून आणलेलं माझं लोखंडी उलथनं एके सकाळी स्वयंपाकघरातून नाहीसं झालं आणि सापडलं ते मोटारीच्या बॉनेटवर. माझी नणंद त्यानं गंज खरवडत होती. मला पाहून हात थांबवायचं तर सोडाच, वर म्हणाली, "धार चांगली आहे गं तुझ्या उलथन्याला."

लग्न होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. सासर बुऱ्हाणपूरला, लालबागेत. सासरे वकील होते. ते वारले आणि त्यांची जुनी विलायती मोटार परसात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. पत्रा गळका. पावसाळाभर पाणी ठिबकून बॉनेटवर, टपावर, मडगार्डवर गंजाचे डाग पडले होते. आमचे हे म्हणत, भंगारात देऊन टाका. पण वन्संना ती गाडी हवी होती. त्या सरकारी नर्स होत्या आणि गावोगाव जाऊन देवी टोचायचं काम त्यांच्याकडे होतं. राज्य नुकतंच नव्यानं जोडलं गेलं होतं. आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली, आणि वन्संच्या वाट्याच्या जीपचे कागद त्या दोन शहरांच्या मध्ये कुठेतरी फिरत होते. तोवर त्या बापाची गाडी काढत आणि स्वतः चालवत. लुगडं नेसून मोटार चालवणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

वन्संचं लग्न झालं नव्हतं. सातव्या वर्षी त्यांना देवी आल्या, त्या जिवावरच्या दुखण्यातून त्या उठल्या, पण सगळा चेहरा व्रणांनी भरून गेला. मी तेव्हा गोरीपान, आणि खोटं कशाला सांगू, मला रूपाचा तोरा होता. त्यांच्याशी बोलताना बघावं कुठं हेच मला कळायचं नाही. म्हणून मी त्यांच्या कानांतल्या कुड्यांकडे बघून बोलायचे. त्यांच्या ते लक्षात आलं असणारच. कधी बोलल्या मात्र नाहीत.

उलथनं गेलंच होतं, तेव्हा रागारागानं मी तिथंच उभी राहिले आणि बघता बघता माझा राग उतरला. वन्सं आधी खडूनं डागाभोवती गोल काढत, तो डागाच्या दुप्पट मोठा. मी विचारलं, एवढा कशाला? तर म्हणाल्या, "दिसतो तेवढाच नसतो. रंगाखालून सरकत असतो." मग चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, त्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं आणि लगेच शेंदूर लावायचा. मारुतीला लावतात तोच शेंदूर, फक्त रंगाच्या दुकानातून आणून बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, कालवलेला. तो तीन दिवस वाळवायचा, मग खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, आणि शेवटी हिरवा रंग. एकही पायरी गाळायची नाही. असे सतरा डाग. पुढे त्यांनी नव्या हिरव्यात चिमूट चिमूट काजळी घालून जुन्या उडालेल्या रंगाशी असा मेळ घातला, की डाग कुठं होते ते मला शोधून सापडत नसत. माझ्या ह्यांना साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. एकाच घरात दोन इतकी वेगळी माणसं कशी निपजली, याचं मला नवल वाटायचं.

पण ते सगळं नंतर. शेंदूर लावून दुसराच दिवस होता आणि निरोप आला. इच्छापुरच्या अलीकडच्या एका खेड्यात, सीमेपलीकडून पाहुणी आलेल्या पोरीच्या अंगावर देवी फुटल्या होत्या. शेजारपाजारची मुलं टोचून घ्यायला हवी होती, आणि तीही लगोलग. वन्संनी लशीचा थर्मास गाडीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. कुंकवाची बाई सोबत असली की दारं उघडतात." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला चपला सापडेनात.

केळीच्या बागांमधून आम्ही गावात शिरलो. हिरवी गाडी, तिच्या अंगभर केशरी ठिपके. पोरांनी पाहिलं मात्र, एकच गलका झाला, "गाडीले बी देवी आल्या वं माय!"

आजारी पोरीच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले होते. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी उभी होती. वन्संनी विचारलं, घरात मुलं किती?

"आमच्या घरी लेकरूच नही वं बाई."

दोरीवर दोन झबली आणि एक इवलीशी चड्डी वाळत होती. वन्संनी पाहिली, मीही पाहिली. म्हातारीची नजर मात्र गाडीवर खिळलेली. ती आत गेली, हळद-कुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, बॉनेटवर धार धरली आणि हात जोडले. मी वन्संच्या कानाशी लागले. "सांगा ना, देवीचीच गाडी आहे. देवीच म्हणते टोचून घ्या. सगळं गाव रांगेत उभं राहील."

वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "मावशी, ही देवी नाही. गंज आहे. मी खरवडून वर शेंदूर लावलाय."

मला त्यांचा असा संताप आला! चालून आलेली संधी या बाईनं धुळीला मिळवली. म्हातारीचा चेहरा पडला, ती दाराकडे वळली. तेवढ्यात वन्संनी तिचा हात धरला आणि तिला गाडीच्या दाराशी खाली वाकवलं. तिथं रंग छान दिसत होता. "बोट दाबा," त्या म्हणाल्या. म्हातारीनं दाबलं आणि बोट आरपार गेलं.

"इथं रंगाऱ्यानं न खरवडताच रंग मारला होता. बाकीचं मी वेळेवर खरवडलं, तिथं पत्रा पक्का आहे. टोचणं म्हणजे एवढंच. जरासं खरवडायचं. दुखतं, ताप येतो, बस."

म्हातारी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणाली, "पत्र्याले जीव नही, बाई. लेकराले हाय."

मला वाटलं, संपलं आता. पण वन्संनी चष्मा काढला, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि उन्हात तोंड पुढे केलं. म्हातारीनं जवळ येऊन त्यांच्या गालावरून बोटं फिरवली, हळू, एकेका खड्ड्यावरून.

"तुह्या वक्ताले टोचनारं कोनी आलं नव्हतं का वं पोरी?"

"आला होता. आजीनं मला ज्वारीच्या कोठीत लपवलं. धाकटा भाऊ बाहेर राहिला, त्याला टोचलं. ही त्याची बायको. त्याच्या तोंडावर एक डाग नाही, विचारा हिला." वन्संनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. "कोठीत जागा एकाचीच होती, मावशी. आजीची लाडकी मी होते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनीही नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा कुड्या सोडून वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला माझी फार लाज वाटली.

म्हातारी आत गेली. आतून कुणीतरी कुरकुरल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, काखेत एक तान्ही मुलगी आणि हाताला धरलेला चारेक वर्षांचा मुलगा. घरात कपाशीच्या शेवटच्या वेच्याचा ढीग असावा, कारण त्याच्या केसांत, भुवयांत, शर्टावर सगळीकडे कापूस चिकटला होता.

तिनं मुलाच्या डोक्यावरचा कापूस झटकला आणि त्याला वन्संच्या पुढ्यात उभं केलं.

"हा माह्या लाडका हाय," ती म्हणाली. "याले पहिले टोच."