तिसऱ्या कोयरीतला खांब

दिवाळीच्या आधी बोरिवलीच्या एका हॉलमध्ये दोन दिवस हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. क्रोशाचं काम विकणाऱ्या आम्ही दहाबारा बायका तिथं असायचो आणि त्यातल्या बहुतेकींच्या टेबलावर तोच ऑक्टोपस असायचा. तेच डोळे, तेच आठ पाय, फक्त रंग वेगळा. त्याच्या शेजारी तीच मधमाशी आणि तेच सूर्यफूल. आणि प्रत्येकीच्या मागच्या फ्लेक्सवर लिहिलेलं असायचं, स्वतःचं डिझाइन.

ही डिझाइनं कुठून येतात ते मला पक्कं ठाऊक होतं. जगात कुठंतरी एक बाई बसते, दहादा उसवते, टाक्यांचं गणित जमवते, मग ते नीट लिहून नेटवर विकायला ठेवते. शेवटच्या पानावर ती बिचारी लिहिते की यावरून वस्तू करा, खुशाल विका, फक्त डिझाइन माझं आहे एवढं सांगा. आमच्या बायका ते शेवटचं पान गाळून बाकीची पानं एकमेकींना व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. एकीला मी तोंडावर विचारलं होतं, "हे तू बसवलंस?" तर म्हणाली, "रंग तर मी निवडलेत ना यार." रंग निवडलेत म्हणे! उद्या बाजारातून चार वांगी निवडून आणशील आणि शेतही माझंच म्हणशील. मी हे तिला बोललेही. तेव्हापासून ती माझ्या टेबलाकडे फिरकत नव्हती आणि माझं काही अडलं नव्हतं.

मी ऑक्टोपस विकत नव्हते. मी तोरणं विकायचे. पांढऱ्या सुताची, नऊ कोयऱ्यांची, प्रत्येक कोयरीला बाहेरून वीस खांबांची रांग. खांब म्हणजे क्रोशातला उभा टाका. असं तोरण अख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. माझ्याही फ्लेक्सवर लिहिलेलं होतं, स्वतःचं डिझाइन. तेही सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत.

ते तोरण माझ्या सासूचं. इथं लिहून टाकते, कारण तेव्हा मी ते कुणाला सांगत नव्हते. सासू मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली, सासरे गिरणीत गेले की दुपारभर सुई घेऊन बसायची. दहिसरच्या चाळीतल्या आमच्या दारावर तिचं तोरण वर्षानुवर्षं होतं. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा ते आमच्याबरोबर अकराव्या मजल्यावर आलं. तोपर्यंत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सुई सुटली होती. मी ते तोरण काढून गादीवर पसरलं, वही घेतली आणि एकेक टाका मोजून लिहून काढला. तिला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांक वीस खांब." मी मोजले तर तिसऱ्या कोयरीला एकोणीस. पुन्हा मोजले, एकोणीसच. एका खांबाच्या जागी नुसती साखळी होती, त्यामुळे तिथं तांदळाएवढी फट पडली होती. म्हातारीला आता आठवत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि वहीत लिहिलं, तिसरी कोयरी, एकोणीस. पुढं शेकडो तोरणं केली आणि प्रत्येकात ती फट इमानेइतबारे ठेवली. एखादं चौकस गिऱ्हाईक बोट दाखवायचं, तर मी म्हणायचे, "डिझाइनच तसं आहे." आणि असं म्हणायचे की पुन्हा विचारायची कुणाची छाती होऊ नये.

वहीत मी लिहिलं म्हणून ते माझं, असं माझं म्हणणं. तिनं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. मी नसते तर ते तिच्याबरोबरच संपलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पटलंही होतं.

प्रदर्शनाला मात्र मी तिला न्यायचे. म्हातारी टेबलाशी बसलेली असली की लोक थांबतात. घरी ती गाऊन घालून असते, पण त्या दोन दिवसांसाठी मी तिला नऊवारी नेसायला लावायचे. प्लास्टिकच्या खुर्चीवर ती मुकाट बसून राहायची. तिच्या मागे तिच्या तोरणांवर माझं नाव, आणि ती जाणाऱ्या-येणाऱ्याला हसून दाखवायची. तिला फ्लेक्स वाचता येत नव्हता. याची मला तेव्हा सोय वाटत होती, लाज वाटत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या टेबलावर एक नवी मुलगी आली. मुलुंडहून आलेली, तिशीच्या आतली. पहिल्याच दिवशी, माझा माल मांडून होईस्तोवर, तिनं तोरण टांगलं. पांढरं, नऊ कोयऱ्यांचं. खाली छोटंसं पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर हातानं लिहिलेलं, हातानं विणलेलं तोरण.

मी तरातरा गेले. तिसरी कोयरी हातात धरली आणि खांब मोजले. एकोणीस.

"चोरी करताना चूकसुद्धा सोडली नाहीस गं?" मी म्हटलं. माझा आवाज मुळातच मोठा, आजूबाजूच्या चारजणी लगेच सरकून जवळ आल्या. "हे बघा, हे! ही फट बघा! माझ्या तोरणात इथंच आहे. अख्ख्या जगात असं तोरण मी एकटी करते."

मुलगी घाबरली, पण खोटं बोलली नाही. "हो ताई, तुमच्या तोरणाच्या फोटोवरूनच केलं. मोबाइलवर मोठं करून मोजलं. ती फट मला डिझाइनच वाटली. आणि डिझाइन तुमचं, म्हणून तर मी कार्डावर माझं म्हणून लिहिलं नाही. तुमचं नाव लिहिते ना, सांगा कसं लिहू ते."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. जे मी सगळ्यांकडून मागत होते ते ही पोरगी न भांडता देत होती. पण प्रेक्षक जमले होते, ती रंग निवडणारी ऑक्टोपसवालीही येऊन उभी होती, आणि मला चेव आला. स्वतःच्या डोक्यानं काही करायची अक्कल नसली की माणसं काय काय करतात, यावर मी बरंच काही बोलले. मेहनत म्हणजे काय तेही सांगितलं.

तेवढ्यात सासू खुर्चीवरून उठून, टेबलांना हात लावत लावत, आमच्यापाशी आली. "कसलो आवाज हो?" तिनं विचारलं.

"आजी, या ताईंचं तोरण मी बघून केलं," मुलगीच म्हणाली.

सासूनं हात पुढं केला. मुलीनं तोरण तिच्या हातात दिलं. सासूनं ते बोटांनी चाचपलं, पहिली कोयरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर बोट थांबलं. मग ती माझ्याकडे वळली. "तुजा दी बघूया."

मी दिलं नाही. ऑक्टोपसवालीनं धावत जाऊन माझ्या टेबलावरचं आणून दिलं. सासूनं तिसरी कोयरी चाचपली आणि ती हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"अगो, ही चूक माजी," ती म्हणाली. "कामाक दृष्ट लागता नये म्हणान मी एक खांब सोडलंय. पोराच्या गालाक तीट लावतंत, तसा. प्रत्येकीन आपली चूक आपल्या जाग्यावर करूची असता. माजी चूक तुमी दोघींनी कित्याक केल्यात?"

मी फ्लेक्सकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्याजणींनी बघितलं. एक खांब आठवत नाही म्हणून जिची मी मनातल्या मनात कीव केली होती, तिला एकेक खांब आठवत होता. लिहिताना चुकले ते मी, आणि ती चूक शेकडो दारांवर लटकत होती.

मुलीनं पेन काढलं. "आजी, तुमचं नाव सांगा." सासूनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मुलीनं कार्डावर ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. सासूनं दोनदा वाचायला लावलं.

घरी जाताना रिक्षात तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून नऊवारी नेसली. हॉलमध्ये पोचल्यावर मी माल मांडत होते, तेवढ्यात तिनं आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि फरशीवरून ओढत समोर नेली. मुलीच्या टेबलाशी, कार्डाच्या बरोबर खाली ती बसली. मी फ्लेक्स काढून टेबलाखाली सारला, तर मागची नुसती भिंत फारच मोठी दिसायला लागली.

दुपारी समोरून हाक आली, "गो, डबो हाड." मी डबा घेऊन गेले. तिच्यासमोर एक गिऱ्हाईक बाई उभी होती, तोरण हातात धरून. तिनं माझ्याकडे बघत सासूला विचारलं, "या पण करतात का?"

"ही माजी सून," सासू म्हणाली. डब्याचं झाकण तिनं उघडलं, भात आहे की पोळी ते बोटानं बघितलं. "टाके बरे मोजता."