करंजेल मुरेपर्यंत

मला कुत्री कधीच आवडली नाहीत, लूत भरलेलं तर मुळीच नाही. पण गिरण्यांचा संप लांबत गेला आणि आमच्या लालबागच्या चाळीत, जिन्याखाली, नेमकं तसलंच एक येऊन पडलं. पाठीवर केस नाहीत, कानांच्या कडांना खपल्या आणि दिवसभर खराखरा खाजवणं. तळमजल्यावरच्या मावशी मसाल्याच्या मिरच्या अंगणात वाळत घालायच्या. "ह्याचा कोंडा माझ्या मिरच्यांत उडाला तर माझा मसाला कोण घेणार?" म्हणत त्यांनी कुत्रे पकडणाऱ्या गाडीसाठी तक्रारही केली. मी मनातून त्यांच्याच बाजूची होते.

बाबांचं मात्र भलतंच. गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवणारा हा माणूस संप सुरू झाल्यापासून भिंतीला टेकून नुसता बसायचा. हळूहळू बोलेनासाच झाला. जेवायला हाक मारली तर "हं", चहा पुढे ठेवला तर तेवढंही नाही. आईचा जीव तिळतिळ तुटायचा. असे बाबा आपण होऊन उठले ते त्या कुत्र्यासाठी.

सुरुवातच चुकली. गिरणीतल्या माणसाचा यंत्राच्या तेलावर फार विश्वास. बाबांनी गॅरेजमधून जळकं तेल आणलं आणि त्याला चोपडलं. कुत्र्यानं ते चाटलं आणि ओकून ओकून आडवं झालं. आई जिन्यावरूनच कडाडली, "अवो, तो जीव आसा, साचो न्हय!"

तिनं आधी साबणानं सगळं तेल धुवायला लावलं. मग तिचा उपाय सुरू झाला. कडुलिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्यानं अंघोळ, अंग कोरडं झालं की गावाहून आलेल्या करंजेलात, म्हणजे करंजाच्या तेलात, चिमूटभर गंधक खलून लेप. बसायचं गोणपाट दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायचं, कारण किडे तिथेच दबा धरून बसतात म्हणे. बाबांचे हातही खाजायला लागले, तेव्हा तिनं त्यांनाही पाल्याच्या पाण्यात बुचकळलं. घरभर तो कडू वास. मी नाक दाबून जेवायचे.

आईची अट एकच होती, तेल मुरेपर्यंत त्याला अंग चाटू द्यायचं नाही. त्यामुळे बाबा त्याचं तोंड मांडीवर धरून जिन्याखाली बसायचे. गप्प तरी किती बसणार? आधी "गप रे", "झालं रे" एवढंच. मग साच्याच्या गोष्टी निघाल्या, आणि एके दिवशी, "गिरणी नाहीच चालू झाली तर पोरांना काय घालू रे?" आई वरच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मला त्या कुत्र्याचा भयंकर राग आला. हे आमच्याशी बोलायला काय झालं होतं?

खपल्या गळल्या. पाठीवर तांबूस लव आली, ती सगळ्यांत आधी मावशींनी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून जिन्याखाली शिळी चपाती दिसायला लागली.

मग एका सकाळी गाडी आली. बाबा कामाच्या शोधात शिवडीला गेलेले. आम्ही धावत खाली पोचलो तर मावशी कुत्र्याच्या गळ्यात मसाल्याच्या गोणीची सुतळी बांधत होत्या. आता ह्या त्याला गाडीत देणार म्हणून आईनं किंचाळायला तोंड उघडलं.

"लूत लागलेला कुत्रा कुठाय?" गाडीवाल्यानं विचारलं.

"कसली लूत? केस बघा त्याचे. हा माझा कुत्रा. बांधलेला दिसत नाय काय?"

"मग कम्प्लेंट कोणी केली?"

"मीच केली. आता मीच मागे घेते. जावा!"

संध्याकाळी बाबा आले ते सरळ जिन्याखाली गेले. सुतळी पाहिली. आईनं सगळं सांगितलं तेव्हा ते कुत्र्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. आता त्याला काय सांगतात ते ऐकायला मी आणि आई सवयीनं पायरीवर बसलो.

पण बाबा उठले, आमच्याबरोबर वर आले आणि आईसमोर बसले. "शिवडीला गोदामात काम मिळालंय. उद्यापासून जातो. गिरणीची वाट आता नको बघायला." त्यांचे डोळे भरले होते. कुत्र्याला अजून यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी हे आधी आईला सांगितलं होतं.

आईनं चहा पुढे केला. एक घोट घेऊन बाबा म्हणाले, "साखर कमी पडली गं."

आई रडत रडत हसली आणि साखरेचा डबा काढायला उठली.