पिठाचा डबा वर कोण ठेवतंय

चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी आणि कुरुंदवाडच्या एका मुलीनं मिळून एक घर केलं. ते जमिनीवर कुठंच नव्हतं. डोळ्यांवर तो जाड व्हीआरचा चष्मा चढवला की त्यात शिरता यायचं. एक स्वयंपाकघर, एक खोली, खाट, ट्रंक, शिलाई मशीन, टीव्ही, पिठाचा डबा. माणूस आत आला की उंबऱ्यावरून पाणी यायला लागायचं आणि दहा मिनिटांत छातीपर्यंत चढायचं. बघणाऱ्याला काहीच करता येऊ नये, नुसतं बघावं लागावं, ही माझी कल्पना. पुण्याच्या एका संस्थेनं ती प्रदर्शनासाठी निवडली होती.

मी कोल्हापूरजवळ उचगावात तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या भागातला मोठा पूर मी पाहिला तो गच्चीवरून आणि फोनवर. मुलगी लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओत कामाला होती, कॉम्प्युटरवर वस्तू उभ्या करण्यात तिचा हात बसलेला. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी तीही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची. प्रत्यक्ष आम्ही दोनदाच भेटलो होतो. बाकी सगळं फोनवर, नाहीतर त्या घराच्या आत. तिथं आम्हा दोघींच्या बाहुल्या असायच्या, आणि वस्तू फक्त आम्हालाच हलवता यायच्या. तिची लाल ओढणीवाली, माझी उगाचच उंच.

एका संध्याकाळी आत गेले तर पिठाचा डबा माळ्यावर. तो ओट्याखाली असायला हवा होता, कारण पाण्यात आधी तोच तरंगायचा होता. आपणच विसरलो असू, असं म्हणून मी तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर, आणि ट्रंक खाटेवर.

आत कोण कधी आलं, कशाला हात लावला, याची नोंद तिथं आपोआप होते. मी ती उघडली. दुपारी अडीच. नाव मुलीचं.

मी फोन केला. नोंदीचं काही बोलले नाही. “दुपारी आत गेली होतीस का गं?”

“न्हाय ताई. दुपारी स्टुडिओत असतो की मी.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं बोलणारी पोरगी मला आवाजावरून कळते, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती. हिच्या आवाजात काहीच सापडलं नाही, म्हणून मला जास्तच संशय आला.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. ‘प्रदर्शन संपल्यावर हे घर कुणाचं ताई?’ असं तिनं एकदा विचारलं होतं. स्टुडिओच्या मालकाला तिनं आमचं काम दाखवलं होतं. ते तिनंच सांगितलं होतं, पण आता मला वाटलं, आधीच सांगून मोकळी झाली. माझं काम हळूहळू बदलत न्यायचं आणि एक दिवस स्वतःचं म्हणून दाखवायचं, असा डाव असेल. रोज संध्याकाळी मी डबा खाली ठेवत होते आणि रोज दुपारी तो वर जात होता.

मी गुपचूप सगळ्या घराची एक प्रत काढून ठेवली. मग संस्थेला पत्र लिहिलं: कल्पना माझी, मुलीनं फक्त सांगितल्याप्रमाणं वस्तू बनवून दिल्या, पाटीवर तसंच यावं. त्यातला ‘फक्त’ मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजताच मी आत जाऊन दाराआड उभी राहिले. अडीचला लाल ओढणीवाली बाहुली आली, तसं पाणी परत उंबऱ्यापासून सुरू झालं. आली ती भिंतीवरच आदळली. मागं वळायला तिला बराच वेळ लागला. मुलगी आत मासोळीसारखी फिरायची. ही चाचपडत होती. तिनं पिठाचा डबा उचलला, तो पडला, परत उचलला आणि माळ्यावर सरकवला. मग ट्रंक. मग ती शिलाई मशीन ओढायला लागली. पाणी गुडघ्याला आलं होतं.

“काय चाललंय?” मी विचारलं.

बाहुली थांबली. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मग एका वयस्कर बाईचा आवाज.

“कोण हाय?”

“मी कोल्हापूरची, चित्रांची बाई. तुम्ही?”

“पोरीची आई. पोरगी कामावर गेलीया.”

“तुम्ही रोज येता?”

“येतो की. जेवान झालं की घटकाभर. तिला सांगू नका बाई. चष्म्याला हात लावलेला तिला खपत न्हाय.”

“पण हे सगळं वर का ठेवताय?”

“मग काय बघत बसू?” आवाज चढला. “पीठ खाली ठिवलंय तुम्ही. पाणी आलं की पहिलं पीठ आन् तांदूळ उचलायचं. मग कागदं. मशीन एकटीला उचलत न्हाय. तवाबी न्हाय उचललं. गेलंच ते.”

पाणी आमच्या छातीला आलं. त्या बाहुलीनं दोन्ही हात तसेच वर धरून ठेवले होते. मी चष्मा काढला.

संध्याकाळी संस्थेचं उत्तर आलं. माझ्या पत्राखालीच लिहिलेलं, आणि दोघींनाही पाठवलेलं, म्हणजे ते पत्र मुलीपर्यंत पोचलं. मुलीचा फोन आला नाही. मीही केला नाही.

सकाळच्या एसटीनं मी कुरुंदवाडला गेले. तिच्या घराची भिंत नव्यानं रंगवलेली होती, तरी दाराच्या कडीच्या वर ओलीची एक रेघ रंगातून दिसत होती. मुलीनं खुर्ची पुढं केली. बसायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, आईचं गुपितसुद्धा. आत कपबश्यांचा आवाज थांबला.

मुलीनं आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, “अम्मी आत जात्या, हे मला न्हाय ठाऊक. पण तुम्ही फोनवर इचारलं तवाच मी नोंद बघितली. माझंच नाव. मी घाबरलो. खातं तुम्हीच काढून दिलंतं, पासवर्ड तुम्हाला ठाऊक. मला वाटलं, तुम्हीच माझ्या नावानं आत जाताय, मला काढायला. म्हणून मीबी एक प्रत काढून ठेवली.”

“मीही ठेवलीय,” मी म्हणाले.

तिला हसू आलं असावं, पण तिनं ते दाखवलं नाही. आई चहा घेऊन आली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, “गॅसची टाकीबी ठिवा त्या घरात. ती उलटी होऊन फिरत्या पाण्यात.”

मी संस्थेला दुसरं पत्र लिहिलं. पाटीवर दोघींची नावं सारख्या अक्षरांत आली. आईनं स्वतःचं नाव लावू दिलं नाही. माझी मूळ कल्पना आम्ही मोडली. आता येणाऱ्याला वस्तू उचलता यायच्या, पण माळा लहान ठेवला, म्हणजे काय वाचवायचं ते त्यानं ठरवावं. पुण्यानंतर कोल्हापुरात एका हॉलमध्ये ते घर मांडलं तेव्हा बहुतेकांनी आधी टीव्ही उचलला. आई मागं, आतलं दाखवणाऱ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसून बघत होती. एका कॉलेजच्या पोरीनं पिठाचा डबा धरला तेव्हा ती नुसती पुढं सरकून बसली.

मुलीनं शेवटपर्यंत काम चोख केलं. सामान आवरताना माझ्या हातातली जड खोकीही तिनंच घेतली. दोन महिन्यांनी मी तिला फोन करून नव्या कामाचं विचारलं.

“बघतो ताई. सध्या लग्नाचं काम लई हाय.”

आषाढ लागला होता. लग्नं उरकली तरी अल्बमांचं काम मागं चालतं म्हणा. मी खोदून विचारलं नाही.