यूपीएस आणि भोंगा

यूपीएसची बॅटरी तापल्याचा आंबूस वास आला की लोअर परळच्या आमच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवते. वीज गेली, कॉम्प्युटर चालू राहिला आणि अंधारात यूपीएस किंचाळू लागला. संपात गिरणीतली नोकरी गेल्यापासून गप्प झालेले बाबा खाटेवरून उठले. "भोंगा झाला," म्हणत चपला घालून निघाले. मी मागोमाग गेलो. गिरणीच्या बंद दारासमोर कोणीच नव्हतं, तरी ते थांबले आणि रांग सरकावी तसे एक पाऊल पुढे सरकले. "बाबा, घरी चला." "पुढे सरक, मागचे ढकलतायत." त्याच वेळी माझ्या पाठीला कुणाचा तरी खांदा लागला. मी वळून न बघता बाबांचा हात धरला आणि पुढे सरकलो. आता तिथे ऑफिसं आहेत. त्या दाराशी मी अजूनही थांबत नाही.